चिंध्या बांधलेल्या शेंगा

कल्याणसारखा पाव्हणचार परतूर तालुक्यात कुणाच्या घरी न्हाई, हे छातीठोक सांगावं. त्याच्या परसातली चवळी बी तशीच, शेंग हातभर लांब. बियाणं मात्र त्याच्या बायकोच्या, दैवशालाच्या माहेरचं. तिच्या आईनं मरायच्या आधी मूठभर दिल्तं.

त्या दिवशी सुनेचे वडील आल्ते. वेल वाळत चालल्ता, थोड्याच शेंगा राह्यल्या होत्या.

"व्याही, ह्या शेंगा हायेत का साप?" पाव्हणे हसले.

कल्याण फुगला. दैवशाला गिरणीवर गेल्ती. शेंगांना लाल चिंध्या बांधलेल्या दिसल्या.

"नजर लागू न्हाई म्हणून बांधल्या असतील. आमच्या घराला कुणाची नजर लागती!" म्हणत त्यानं चिंध्या फेकल्या, शेंगा तोडल्या अन् सून आकांक्षाला दाणे सोलून उसळ टाकायला लावली.

दैवशाला दळण घेऊन आली. अंगणातल्या चिंध्या तिनं पाह्यल्या, मंग चुलीवरचं पातेलं.

"समदे शिजवले का गं?"

"हो आत्याबाई. मामंजी बोलले."

"बियाण्याला राखल्या व्हत्या," एवढंच ती हळू बोलली, अन् पाव्हण्यांना हसून वाढू लागली. पाव्हण्यांनी दोनदा उसळ मागून घेतली. कल्याणनं आपल्या ताटातली उसळ तशीच ठेवली.

आता तो दरसाल जालन्याहून भारी बियाणं आणतो. वेल जोरात येतो, शेंग वीतभरच. सगळ्यात लांब शेंगेला कल्याण सोताच्या हातानं लाल चिंधी बांधतो. दैवशाला तिकडं बघत बी न्हाई.