नानांच्या तारेचा चौथा कोपरा

त्या सकाळी आठ वाजता नाना रेडिओवर आले नाहीत, तेव्हा मी प्रथम वीज कंपनीवर संतापलो. अमळनेरचा पुरवठा खंडित झाला असणार, असे गृहीत धरून धुळ्यातील माझ्या टेबलाशी तक्रारअर्ज लिहावयास घेतला. ‘वारंवार’ हा शब्द अधोरेखित करीत असतानाच नानांच्या मुलीचा फोन आला. नाना पहाटे झोपेतच गेले होते... अर्ज तिथेच राहिला. अपुरा सोडलेला माझा तो पहिला अर्ज.

वसंतनाना आयुष्यभर आयटीआयमध्ये तारतंत्री, म्हणजे वायरमनचे काम, शिकवीत आले. मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दोघेही विधुर, दोघांकडेही हौशी रेडिओचा परवाना. अकरा वर्षे रोज सकाळी आठला चाळीस मीटर बँडवर आमची गाठ पडे. “नमस्कार भाऊ, आज कोणाचा नंबर?” हा त्यांचा पहिला प्रश्न. त्या दिवशी माझे पत्र नगरपालिकेस जाणार की टपाल खात्यास, हे ऐकून घेतल्यावर ते हवामानाकडे वळत. कित्येक दिवशी मी दुसऱ्या कोणाशी बोलतच नसे.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी गच्चीवर अँटेना म्हणून तारेचा बंद फेरा उभारावयास घेतला, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याकडे मुक्कामास होतो. त्रेचाळीस मीटर अखंड तांब्याची तार त्यांनी गल्लीत अंथरून तीनदा मोजली. तारेची दोन्ही टोके एका कोपऱ्यात आणून तिथून खोलीपर्यंत दोन समांतर तारांची शिडी सोडावयाची होती. तिच्या पायऱ्या त्यांनी केळीच्या मळ्यातील जुन्या ठिबक नळीचे तुकडे कापून केल्या. ही शिडी रेडिओजवळच्या जुळवणीच्या डब्यास, म्हणजे ट्यूनरला, जोडली की एकच फेरा चार बँडांवर चाले. फेरा आडवा आणि बुटका असल्याने आवाज थेट वर जाई आणि आकाशातून परतून खाली पसरे. अमळनेरहून धुळ्यास यावयाचे तर आमचे शब्द एवढा वळसा घालून येत.

फेरा चौकोनी हवा होता. तीन कोपरे गच्चीवर बसले. चौथ्यासाठी शेजारच्या सुमनअक्कांच्या अंगणातील कडुनिंब होता. अक्कांनी तोंडी होकार दिल्याचे नानांनी मला सांगितले. तोंडी होकार उद्या कोणीही फिरवू शकतो, असे मी त्यांना सुनावले आणि धुळ्यास परतताच पाच कलमांचे संमतिपत्र तयार करून, नानांना न विचारता, अक्कांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह रवाना केले. पुढल्या आठवड्यात नाना म्हणाले, “झाड राहू द्या भाऊ. मी त्रिकोण केला. कोपरा कमी, कटकट कमी.”

बाईंनी शब्द फिरवला, असा मी निष्कर्ष काढला. त्रिकोणात तारेने वेढलेली जागा घटते, आवाजही पडतो. नाना खरखरीत बुडू लागले की मी अक्कांच्या नावाने संतापत असे, आणि दोन स्मरणपत्रेही मी त्यांना धाडली. त्यावर नाना हमखास हवामानाचा विषय काढीत.

तेराव्याला मी अमळनेरला गेलो. गच्चीवर त्या त्रिकोणाखाली उभा होतो, तेवढ्यात एक वृद्ध बाई जिना चढून आल्या. “तुम्हीच का ते धुळ्याना कागदवाले भाऊ?” त्या सुमनअक्का होत्या. त्यांचे यजमान जमिनीच्या खटल्यात तारखा करता करता गेले होते. रजिस्टर पाकीट दारात आले आणि अक्कांनी भीतीने दार लावून घेतले. महिन्याभरात भीती ओसरल्यावर त्यांनी स्वतःच नानांना तार बांधावयास सांगितले होते. नानांनी ऐकले नाही.

“का?” मी विचारले.

“आते बांधी तं भाऊले समजी जाई, त्याना कागदमुळे अडेल व्हतं, अशे म्हनेत नाना. तुम्हले वाईट वाटी म्हनीसन...” अक्का थांबल्या. मग कडुनिंबाकडे बोट दाखवीत म्हणाल्या, “कप्पी तं कागद येवाना आधीच बांधेल शे.”

खालच्या जाड फांदीला एक लोखंडी कप्पी गंजून लटकली होती. वाऱ्याने झाड हलले तरी तार तुटू नये, म्हणून नाना कप्पीवरून दोरी घेऊन तिला वाळूची बाटली बांधणार होते. अकरा वर्षे ते क्षीण आवाजात बोलत राहिले, आणि तो क्षीण का आहे हे मला कळू नये म्हणून माझा संतापही ऐकून घेत राहिले.

घरी येऊन अक्कांना क्षमापत्र लिहिले. तिसऱ्या मसुद्यानंतर ते फाडले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने पुन्हा अमळनेर गाठून तोंडीच क्षमा मागितली. अक्कांनी चहा दिला, आणि कडुनिंबाखाली एक खुर्ची मांडली. नाना तीवरच बसत.

सकाळी आठला मी आजही रेडिओ लावतो. नानांचे संकेतनाव पुकारीत नाही. परवाना त्यांच्याबरोबर संपला, हा नियम मला ठाऊक आहे. ऐकण्यास मनाई करणारे कलम मात्र मला कुठे आढळलेले नाही. खरखर ऐकतो... आणि ती कप्पी दिसते. तिच्यावरून एकदाही दोरी गेलेली नाही.