क्षमाची पट्टी

कल्पना करा, तुम्ही रंगमंचावर उभे आहात. पुढ्यात चाळीसेक वाद्यं वाजताहेत, माईक नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमचं गाणं ऐकू जायला हवं. ओरडायचं नाही. ओरडलात तर पहिला अंक संपायच्या आत घसा बसेल. श्वास पोटाशी धरून आवाज असा सोडायचा, की वाद्यांच्या गर्दीतून त्याची त्यानंच वाट काढावी.

पेडण्याजवळच्या पार्शाची क्षमा हे काम करते. ती ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, गाते.

तिचं गाणं सुरू झालं घरच्या भजनात. पेटीवर वडील, गोकुळदास. बाकीच्या मुलींपेक्षा तिचा आवाज खालचा आणि भरीव. शेजारणी 'बापयासारखो आवाज', म्हणजे पुरुषी आवाज, म्हणून चिडवायच्या. गोकुळदास मात्र लेक गायला लागली की बोटं गुपचूप खालच्या पट्टीवर सरकवत. पेटी गाणाऱ्याच्या मागून येते, हेच क्षमाला ठाऊक.

पुढे पणजीला कॉलेजात असताना ती फिलोमिना टीचरकडे पाश्चात्त्य गाणं शिकू लागली. टीचरनी तिला सोप्रानोची, म्हणजे बायकांच्या सगळ्यांत उंच आवाजाची गाणी दिली. क्षमा ती रेटून गायची आणि घरी येऊन गरम पाण्याच्या गुळण्या करायची. तशीच ती मुंबईच्या एका ऑपेरा मंडळाच्या निवडीला गेली. पियानो सुरू होण्याआधी तिनं सवयीनं वादकाला सांगितलं, "जरा दोन पट्ट्या खाली घ्या."

वादकानं हात मांडीवर ठेवले. मागे कुणीतरी हसलं. मंडळाच्या मालतीबाईंनी समजावलं, की इथं पट्टी संगीत लिहिणाऱ्यानं ठरवलेली असते, ती हलत नाही. क्षमा पर्स उचलून निघालीच होती. बाईंनी विचारलं, "खाली का हवी होती?"

"वर गेलं की घसा सोलून निघतो."

मग बाईंनी तिला अगदी खालच्या सुरापासून गायला लावलं. ऐकून म्हणाल्या, "तू मेझो-सोप्रानो आहेस. उंच आणि खोल यांच्या मधली. पट्टी बदलता येत नाही, पण भूमिका बदलता येते."

मेझोच्या वाट्याला नायिका क्वचितच येते. दाई, चेटकीण, आणि पुष्कळदा मिसरूड फुटलेला तरुण, तोही बाईनंच करायचा. मंडळात निवड झाल्यावर त्यांच्या पणजीच्या प्रयोगात क्षमा तसाच तरुण झाली होती. गोकुळदास म्हापशाला बस बदलून आले, शेवटच्या रांगेत बसले. लेकीला पँटमध्ये बघून त्यांना कसं वाटेल, हीच तिला धास्ती.

प्रयोगानंतर ते शांतपणे म्हणाले, "आमच्या दशावतारात बापये लुगडं नेसतत. तू पँट घातलंस. चलता तां. आवाज माझ्यापर्यंत पोचलो."

क्षमाचा जीव भांड्यात पडला. बसस्टॉपकडे चालताना मात्र ते थबकले. गेल्या काही वर्षांत भजनात गाताना त्यांचा स्वतःचा आवाज उतरला होता. भजनी मंडळानं न बोलता त्यांच्यासाठी पट्टी खाली आणली होती.

"पण बाय, तुमची पट्टी हलणा नाय. मगे वय झाल्यावर तू काय करतलंस?"

क्षमानं फिलोमिना टीचरना विचारलं, मालतीबाईंनाही विचारलं. दोघी सरावाबद्दल बोलल्या, श्वासाबद्दल बोलल्या. वडिलांचा प्रश्न तसाच राहिला: जिथं सूर जागचा हलत नाही, तिथं उतरत्या गळ्यासाठी कोण थोडं खाली येतं?