पहिल्या खुर्चीवरचं मत

भगवंतराव अचलपूरकडचे खातेपिते शेतकरी. वर्षातून एकदा अमरावतीच्या सेशन कोर्टातून त्यांना असेसर म्हणून समन्स यायचं, आणि पुढे आठ दिवस त्यांची मान ताठ राहायची. न्यायाधीशांशेजारी बसायचं, साक्षी ऐकायच्या आणि शेवटी दोषी की निर्दोष ते सांगायचं, एवढंच काम.

बारा वर्षांत त्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीला मुळीच त्रास दिला नव्हता. पहिल्या खुर्चीवर मोतीराम सावजी बसायचे. त्यांनी मत दिलं की दुसऱ्या खुर्चीवरून भगवंतराव म्हणायचे, "त्यायचं तेच माहं." तिसराही तेच म्हणायचा.

१९५३ साली सावजींना हिवताप आला आणि भगवंतराव पहिल्या खुर्चीवर सरकले.

आरोपी देवमन, वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार. मालकाच्या भावाचा खून केल्याचा त्याच्यावर आळ. साक्षीदार म्हणाला, मार्गशीर्षात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून भाकर खात होतो, तेव्हा तुरीच्या वावरापलीकडे देवमनला कुऱ्हाड घालताना पाहिलं. वकिलांनी कुऱ्हाडीची लांबी विचारली, पात्याची रुंदी विचारली. तुरीची उंची कोणीच विचारली नाही. मार्गशीर्षातली तूर उभ्या माणसाला झाकते. बसलेल्याला तिच्या पलीकडचा हत्तीही दिसला नसता. हे एकट्या भगवंतरावांच्या ध्यानात आलं. या खेपेला मागं लपायला सावजीही नव्हते.

न्यायाधीश साहेबांनी मत विचारलं.

"निर्दोष," भगवंतराव म्हणाले. "तूर उंच होती, साहेब."

"त्यायचं तेच आमचं," बाकीचे दोघं म्हणाले.

साहेबांनी तिघांची मतं लिहून घेतली आणि निकाल दुपारी सांगतो म्हणाले.

व्हरांड्यात देवमनची बायको पार्बताबाई उभी होती. "भाऊ, सुटन ना आमचा मानूस?"

"तिघायनं एकमतानं सोडला. तू घरी जाय, सयपाक कर, लेकराईले सांग, आज बाप येते."

मग भगवंतरावांनी दोघा असेसरांना जिलबी चारली. स्वतःच्या बुद्धीवर ते इतके खूश कधीच झाले नव्हते.

दुपारी साहेबांनी निकाल वाचला. तुरीच्या उंचीचा पुरावा कागदावर नाही, असेसरांशी आपण सहमत नाही. जन्मठेप.

भगवंतरावांनी बचावाच्या वकिलांना गाठलं. "अन् आमचं मत?"

"ते साहेबांवर बंधनकारक नसतं. कायदा म्हणतो विचारा. माना, असं म्हणत नाही."

"मंग बारा वर्सं आमी काय करून राहिलो होतो?"

"बसत होता," वकील घड्याळ बघत म्हणाले.

पोलीस देवमनला बाहेर घेऊन आले. त्याची नजर सगळ्या आवारात कोणाला तरी शोधत होती. भगवंतराव दिसताच तो थांबला.

"मालक, माही बायको कुठी गेली?"

ती घरी स्वयंपाकाला गेली आहे, हे भगवंतरावांनाच सांगावं लागलं.