नळीच्या तोंडावरचे हात

चकवा, झपाटणं, अंगात येणं... पलटणीत कुणी असले विषय काढले की सर्वांत आधी हसणारा मी. आजही त्यांवर माझा विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण यात माझा एक गुन्हा आहे, आणि तो लपवून हा अनुभव सांगता येत नाही.

दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. आमच्या पलटणीला मोर्टार नवीनच मिळाल्या होत्या. सराव नाशिकजवळ, देवळालीपलीकडच्या माळावर. मोर्टार म्हणजे तिरकी उभी केलेली नळी. वरून बॉम्ब सोडायचा, तो तळाला आपटला की उडून जातो. कधी अडकतो. मग तो उशिराही सुटू शकतो म्हणून पूर्ण एक मिनिट थांबायचं, एकाने नळीच्या तोंडाशी दोन्ही हात धरायचे, बाकीच्यांनी नळी झुकवायची आणि घसरत येणारा बॉम्ब त्याने झेलायचा.

मी तुकडीचा लान्स नाईक. परीक्षेच्या दिवशीच बॉम्ब अडकला. साहेब घड्याळ घेऊन उभे, शेजारची तुकडी पुढे गेलेली, आणि मला बाहीवर नाईकाची दुसरी फीत हवी होती. वीस मोजले नसतील, तोच मी म्हणालो, "हात धर."

पिंपळगावचा दगडू एवढंच बोलला, "नाईक, लय घाई व्हतीय." तरी त्याने हात धरले.

बॉम्ब सुटला. दगडू वाचला, दोन्ही हात गेले. चौकशीत मी सांगितलं — हुकमाआधीच त्याने हात घातले. बाकीचे दोघे गप्प राहिले. दगडू घरी गेला. मला फीत मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात, त्याच माळावर, सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा बॉम्ब अडकला. या वेळी प्रश्न हवालदारकीचा होता. मी मोजायला लागलो, पण भीतीने आकडे भराभर पळाले. साहेबांच्या घड्याळात चाळीसच सेकंद झाले होते, हे नंतर कळलं.

"गणपत, हात धर."

मालेगावकडचा गणपत नळीशी उभा होता, पण हात छातीशीच.

"धर म्हणतो ना. मुहूर्त बघतोस काय?"

"तुम्ही सोडाल तेव्हा धरीन ना, नाईक."

मी त्याच्यापासून सहा पावलांवर होतो. बाकीचे दोघे खाली, नळीच्या पायाशी वाकलेले. मी पुन्हा तोंड उघडलं... आणि बॉम्ब सुटून गेला.

साहेब धावत आले. गणपत म्हणाला, "नाईकांनी मागून मनगटं पकडली, म्हणून वाचलो."

साहेबांनी मला विचारलं, "तू थांबवलंस याला?"

नुसतं हो म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "नाही साहेब." आणि मग दगडूचंही सगळं.

फिती गेल्या. दगडूच्या कागदावरचा ठपका पुसला गेला. मी पिंपळगावला गेलो, तेव्हा त्याची आई त्याला घास भरवत होती. मी सगळं सांगितलं, गणपतचंही. म्हातारी म्हणाली, "ऊठ माझ्या दारातून."

मी उठलो. दगडूने मागून विचारलं, "त्या गणपतचे हात हायेत ना?"

"आहेत," मी म्हणालो. त्याने मान वळवली.

गणपतची मनगटं कुणी धरली? मेलेल्याचं नाव घ्यावं, तर दगडू तेव्हा घरी जिवंत होता. इतक्या वर्षांत उत्तर मिळालेलं नाही. मी धरली नव्हती, एवढंच शपथेवर सांगू शकतो.