अळणावरच्या पावसानं नेलेलं खत

अळणावरजवळच्या एका गावात मला अजून 'मीठवाला' म्हणतात. मी खताचा व्यापारी. आधी पाठीवर पेंडीची पोती वाहिली, मग हुबळीत स्वतःची वखार उभी केली. त्या वखारीतल्या खतात मी मीठ मिसळलं, असा आळ त्या गावच्या पाटलानं भर चावडीवर घेतला. तो त्यानं आजवर परत घेतलेला नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. विलायती पांढरं खत आमच्याकडे नवंच होतं. रेल्वेच्या एकाच वाघिणीतून उतरलेली पोती मी दोन्हीकडे विकत होतो: पूर्वेला काळ्या रानात, मिरची-कांद्याच्या मळ्यांना, आणि पश्चिमेला अळणावरकडच्या तांबड्या जमिनीत, भाताला. पहिल्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. दोन्हीकडची पिकं गर्द हिरवी आली. पाटलानं मला घरी नेऊन 'अण्णा, अण्णा' करत आग्रहानं जेवू घातलं. पुढची दोन वर्षं अळणावरकडे झडीमागून झड लागली आणि भात पिवळं पडलं. काळ्या रानातलं पीक मात्र पहिल्यासारखंच.

कारण मला दिसत होतं. त्या गावची रीत अशी की, शेणखताबरोबर सगळंच खत पेरणीआधी विस्कटून मोकळं व्हायचं. शेणखत पावसाला दाद देत नाही. पांढरं खत पाण्यात विरघळतं, आणि तांबडी जमीन म्हणजे चाळणी. पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली निघून जातं. काळी माती पाणी धरून ठेवते, शिवाय तिकडे पाऊसही थोडा. हे मी पाटलाला समजावलं, पावसाचा जोर ओसरल्यावर दोनदा विभागून टाका म्हणालो, तर त्यानं ते माझ्यावरच उलटवलं. गाव जमलेलं असताना चिमूटभर खत जिभेवर ठेवून तो म्हणाला, "खारट आहे. खरा माल पूर्वेला, मीठ आम्हाला. आणि नाव पावसाचं. तो काही साक्षीला येत नाही, अण्णा."

लोक हसले. मग देवळात जाऊन मी भंडारा उचलावा असं ठरलं. देवापुढची हळद उचलून शपथ घेतली की तिकडे वाद मिटतो. माझं डोकं फिरलं. भंडारा उचलायचा तो चोरानं, मी चोर नाही, असं मी ठणकावलं. तेवढ्यावर गावानं निकाल दिला: मीच चोर.

मी पाटलाचा दंड धरला आणि त्याला उतारानं खाली नाल्यावर नेलं. वर भात पिवळं, आणि नाल्याकाठचं गवत कमरेएवढं, हिरवंकंच. तिथं कोणी कधी मूठभर शेणही टाकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हे बघा तुमचं खत."

मागून आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "म्हणजे पोती म्हशींसाठी आणली होती म्हणायची." पाटील हसला नाही. तो गवताकडे बघत राहिला. त्याला पटलं होतं. सगळा जन्म मी भाव करण्यात घालवलाय. समोरच्याचं तोंड मला वाचता येतं. पण तो पाठ फिरवून गावाकडे चढ चढू लागला.

पुढच्या वर्षी त्यानं धारवाडच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून तेच खत घेतलं. पेरणीआधी नाही टाकलं. पावसाचा जोर ओसरल्यावर, मी सांगितलं होतं तसं, दोनदा विभागून टाकलं. भात उत्तम आलं. मग अळणावरच्या बाजारात तो सांगत सुटला की माल शुद्ध असला की असं पिकतं.

मी त्याला तिथंच गाठलं. दोनदा टाकायचं कोणी शिकवलं, विचारलं.

"तुम्हीच," तो शांतपणे म्हणाला. "पण भंडारा कुठं उचललात?"

आता तो थकलाय. येऊन भंडारा उचला, पाटील सगळ्यांसमोर खरं सांगतील, असे निरोप येतात. माझा उलट निरोप ठरलेला आहे: आधी त्यानं चावडीवर बोलावं, मग भंडाऱ्याचं बघू.