विळ्यानं कापलेला रीप्रिंट

अकोल्याच्या स्टेशनावर गाडी यायला अवकाश होता आणि माझी माय ट्रंकेवर बसून होती. जठारपेठेतून आणलेली पत्र्याची नवी ट्रंक. मायच्या वजनानं झाकण जरा आत गेलं, ते अजून तसंच आहे. अमरावतीला बी.एस्सी. करून मी पुण्याला एम.एस्सी.साठी निघालो होतो, विषय वनस्पतिशास्त्र. आदल्याच साली, छप्पनमध्ये, आम्ही बौद्ध झालो होतो, आणि तेव्हापासून बाबा भेटेल त्याला पोरगा पुण्याला चालला म्हणून सांगत सुटले होते. गाडीचा धूर दिसला तेव्हा ते म्हणाले, "जे शिकशीन ते आमालेबी सांगजो." माय उठली, ट्रंकेवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "अन् काही अडलं तं मले इचारजो." मला हसू आलं. तिला सहीसुद्धा येत नव्हती.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे पोटापाण्यासाठी निघून आलेल्यांनो, त्या हसण्याची गोष्ट तुम्हा दोघांनाही सांगायची आहे. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात महाग हसणं.

पुण्यात पहिली दोन वर्षं मी कमीच बोललो. तोंडातून 'मले' निघालं की मेसमधली मंडळी ताटावरून मान वर करत. मग मी 'मला' शिकलो, भाकरीऐवजी पोळी शिकलो, आणि लायब्ररीत जर्नलं वाचायला शिकलो. जर्नल ही मोठी गमतीची वस्तू. कोणी परदेशात बसून एका गवतावर बारा पानं लिहितो, आणि इथे आम्ही ती पानं रांग लावून वाचतो. मला वाटायचं, आपलं नाव एकदा असं छापून आलं की कोणी 'मले' म्हणून हसणार नाही.

एम.एस्सी. झालो, तिथल्याच एका कॉलेजात लेक्चरर झालो. नेमणूक मात्र कच्ची होती. पक्की व्हायची तर कमिटीपुढे छापील काम दाखवावं लागे. विषयासाठी मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे ज्वारीच्या मुळांवर टारफुला नावाचं तण येतं. पांढऱ्या फुलांचं, दिसायला नाजूक, पण ज्वारीचा रस खालच्या खाली पिऊन टाकतं. दिवाळीच्या सुट्टीत मी बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावी गेलो आणि वही घेऊन बारा वावरं हिंडलो. सहा वावरांत बायांनी टारफुला हातानं उपटला होता, सहांत उपटला नव्हता. उपटलेल्या वावरांत ज्वारी उभी होती, बाकीच्यांत पिवळी पडली होती. मालकांना विचारून मी सगळं लिहून घेतलं. त्याच वावरांत माय वाकून निंदण करत होती. मी तिच्या बाजूनं गेलो, तिनं मान वर करून "जेवला काय?" विचारलं, मी हो म्हणालो आणि पुढच्या वावरात गेलो.

लेख इंग्रजीत लिहिला. जर्नलतर्फे लेख तपासणाऱ्या रेफरीनं स्वल्पविराम दुरुस्त केले, आकड्यांना हात लावला नाही. लेख छापून आला आणि सोबत पंचवीस रीप्रिंट, म्हणजे लेखाच्या सुट्या प्रती, मिळाले. कागद गुळगुळीत, पण पानांच्या कडा मुडपलेल्या, न कापलेल्या. वाचायचं तर सुरीनं कापावं लागे. एक प्रत मी विभागप्रमुख सरांना दिली, बाकीच्या थोरामोठ्यांना पाठवल्या, आणि एक गावी. गावची प्रत शोभेला, एवढाच माझा हिशेब होता.

पंधरा दिवसांनी गावच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं की तुझ्या मायनं पानं विळ्यानं कापली, रविवारी दुपारी पारावर माणसं जमवली, मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. माणसांना लेखापेक्षा त्यातलं आकड्यांचं टेबल आवडलं, कारण त्यात आपापली वावरं ओळखू येत होती. आणि खाली मायचा निरोप, तिच्याच शब्दांत: "त्याले म्हना, उपटलेल्या सहातल्या चार वावरांत आंदीच्या साली पऱ्हाटी होती. पऱ्हाटीमांगं जवारी पेरली का टारफुला तसाई कमीच येते. आमच्या निंदन्याचं एवढं कौतुक काहून करून राहिला?"

मी ते कार्ड तिथेच, पोस्टमनसमोर, तीनदा वाचलं. तिचं बरोबर होतं. कापसानंतर पेरलेली वावरं मी हातानं उपटलेल्यांत मोजली होती. उपटल्यानं ज्वारी वाचते, हा लेखाचा निष्कर्षच उभा राहत नव्हता. ज्या बाईनं त्या चारही वावरांतला कापूस वेचला होता, ती माझ्या बाजूला वाकलेली असताना मी तिला सोडून सगळ्यांना विचारलं होतं. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली, आणि त्या लाजेत आकड्यांची चूक सगळ्यात लहान होती.

विभागप्रमुख सरांकडे जाऊन चूक सांगितली. ते म्हणाले, "कमिटी महिन्याभरात बसेल. शुद्धिपत्र नंतर पाठवा. कोण एवढं बारकाईनं बघतंय?" माणूस भला होता, माझ्या भल्याचंच सांगत होता. त्यांच्या टेबलावर माझा रीप्रिंट ठेवलेला होता आणि त्याची पानं अजून मुडपलेलीच होती. मी त्या कडांकडे बघत राहिलो. बारा वावरांचं काम मी ज्यांच्यासाठी केलं, त्यांनी ते उघडलंही नव्हतं. उघडलं होतं ते एका विळ्यानं.

नोकरी गेली असती तर मला गावी परतावं लागलं असतं, आणि बाबांनी सगळ्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं. दोन दिवस मी शुद्धिपत्र लिहून फाडत होतो. तिसऱ्या दिवशी पाठवलं. इंग्रजीत चारच ओळी होत्या: चूक काय झाली, चार वावरांत आदल्या साली कापूस होता, आणि ही चूक देवकाबाई या निंदणीच्या कामातल्या जाणकार बाईंनी दाखवून दिली. 'माझी आई' असं लिहिलं नाही. ते त्यांना कौतुकासारखं वाटलं असतं, आणि तिनं कौतुक केलं नव्हतं, तपासलं होतं.

कमिटीनं मला पक्कं केलं नाही. आणखी एक वर्ष कच्चंच ठेवलं. बाबांना कळवायला फार जड गेलं. पण त्या वर्षात मी दुसरा लेख लिहिला, कपाशीनंतरच्या ज्वारीवर. या वेळी माझ्याआधी वावरात माय चालत होती आणि मी तिच्यामागे वही घेऊन. प्रत्येक वावराची तीन-तीन सालं तिच्या तोंडपाठ होती. त्या लेखावर मी पक्का झालो. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फक्त एक प्रश्न विचारला, देवकाबाई कोण. मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना विचारून घ्यायचं आणखी काही राहिलं नाही ना?"

शुद्धिपत्राचा अंक मी स्वतः गावी नेला होता. माय म्हणाली, माह्यं नाव कुठी आहे ते दाखव. मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग मास्तरांना बोलावणं धाडलं. मला वाटलं, आता सगळ्यांना नाव दाखवणार. ती मास्तरांना म्हणाली, "आता यात माह्यं नाव आहे. पैल्या ओळीपासून वाचा, चूक नोको राह्याले."

आता पुण्यात माझं बिऱ्हाड आहे, बायको आहे, मुलगी 'मला' म्हणते. गावाकडे वर्षातून एकदा जाणं होतं. पण लेख लिहिला की त्याची पहिली प्रत जर्नलकडे जात नाही. ती बार्शीटाकळीच्या एस.टी.नं गावी जाते, आणि मी कार्डाची वाट बघत बसतो. लोक घर म्हणजे निवांत बसायची जागा म्हणतात. माझं घर ते, जिथे आपलं लिहिलेलं पाठवताना माझी अजून छाती धडधडते, कारण तिथे ते नक्की वाचलं जाणार असतं.