वन्संचा चेहरा

चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवता बसवता बेबीची पन्नाशी कधी उलटली ते तिलाही कळलं नाही. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि आई, दोघीच. 'बेबी' हे आईनंच पाडलेलं नाव, केस पिकले तरी सुटलं नाही.

आईला विसर पडू लागला तेव्हा बेबीनं आधी हसण्यावारी नेलं. चहात मीठ पडायचं, चपला फ्रिजमध्ये सापडायच्या. पण एका सकाळी ती चहा घेऊन आत गेली आणि आई पलंगावरून धडपडत उठली.

"उठतेच हो वन्सं! भांडी घासून टाकते लगेच."

वन्सं म्हणजे बेबीची आत्या. तिला जाऊनही जमाना लोटला होता. हयातीत तिनं भावजयीला सतत धारेवर धरलं होतं. बेबीनं आरशात पाहिलं. गाल बसलेले, डोळ्यांखाली खळगे, हनुवटी पुढे आलेली. खरंच की, आत्याच उभी!

मग ते रोजचंच झालं. लेक जवळ आली की आई अंग चोरायची. घास पुढे केला तर म्हणायची, "तुमचं होऊ दे आधी."

"अगं आई, मी बेबी!"

त्यावर आई नुसती मान खाली घालायची.

भाऊ फोनवर म्हणाला, "आजारी माणूस ते. मनाला लावून घेऊ नकोस." त्याचं काय जातंय बोलायला!

शेवटी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "वयाबरोबर गालातली चरबी कमी होते. सुईनं जेल भरता येईल. साधारण वर्षभर टिकतं, मग अंगातच जिरतं. किती तरुण दिसायचंय?"

"आईनं ओळखावं, एवढंच."

बाई म्हणाल्या, "त्याची खात्री मी नाही देऊ शकत."

तरी तिनं टोचून घेतलं.

एक गाल सुजून काळानिळा पडला. तोंड दुखत होतं म्हणून घरी ती गप्पच होती. आईनं तो गाल पाहिला आणि कधी नव्हे ती आपणहून जवळ आली.

"वन्संनी मारलं का गं?" ती कुजबुजली. "सोस बाई. उलट बोलू नकोस."

आई आपल्याला कोण समजतेय, हे बेबीनं विचारलंच नाही. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ती पोटभर रडली.

सूज उतरली. गाल छान भरले. दुकानातल्या पोरी म्हणाल्या, "ताई, काय दिसताय!" आईही तिच्याकडे पाहून हसायची, पण अनोळखी पाहुणीकडे पाहून हसावं तशी. भीत नव्हती, हेही काही कमी नव्हतं.

मग तोंडाचं दुखणं थांबलं आणि एका संध्याकाळी बेबीनं बऱ्याच दिवसांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "आई, जेवायला चल!"

बाहेर खुर्ची पडली. "आले वन्सं, आले!" आई दाराला चिकटून उभी होती.

आवाजही आत्याचाच होता, आणि त्यात भरायला डॉक्टरीणबाईंकडेही काही नव्हतं.

तेव्हापासून बेबी घरात बोलत नाही. मुकाट्यानं भरवते. आई नीट जेवते. परवा जेवताना तिनं बेबीकडे निरखून पाहिलं.

"तुम्हाला बोलता येत नाही का हो?"

बेबीनं मान हलवली. नाही.

"अरेरे," आई म्हणाली आणि तिच्या हातावरून हात फिरवत राहिली.